सुई कुणाची, नुकसान कुणाचं?

(घरी बसून मशीनवर भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना सुया आणि भरलेल्या कापडाचे तुकडे हातोहात फिरवून दाखवले होते. छापताना तो भाग शब्दांत मांडला आहे. भाषणानंतर झालेली थोडी प्रश्नोत्तरंही शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय फळ्यावर 'मशीनची सुई' असा लिहिलेला पाहून दोघीतिघींनी मला मघाशी विचारलं, "ताई, हा काय विषय झाला? कायद्यावर बोला, मारहाणीवर बोला, रेशनवर बोला. सुई तर आमच्या रोजच्या हातातली." त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून हा विषय का घेतला ते आधी सांगते, मग सुईकडे वळू आणि शेवटी पैशांकडे.

वस्तीत घरोघर फिरताना मशीनवर भरतकाम करणाऱ्या बायकांच्या तोंडून तीन वाक्यं मी सारखी ऐकते. पहिलं, "माझा हातच वाईट आहे, दोरा टिकतच नाही." दुसरं, "मशीन म्हातारं झालं, आता नवीन घ्यावं लागणार." आणि तिसरं, "माल डागी आला म्हणून शेठनं पैसे कापले." वाक्यं तीन वेगवेगळ्या घरांतली, पण त्यांच्यामागे पुष्कळदा कारण एकच असतं. कामाला न जुळणारी, नाहीतर झिजलेली सुई. दर वेळी सुईच दोषी असते असं मी म्हणत नाही. पण बिघाडाच्या सगळ्या कारणांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी तपासावं असं कारण तेच आहे. आणि नेमकं तेच आपण सर्वांत शेवटी बघतो.

असं का होतं? कारण कुणी सांगितलेलंच नसतं. शिवणक्लासमध्ये माप घ्यायला शिकवतात, कटोरी ब्लाऊज शिकवतात, पंजाबी ड्रेसचं कटिंग शिकवतात. सुई म्हटली की "दुकानातून चौदा नंबर आणा" एवढ्यावर भागतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला विधवा आणि परित्यक्ता बहिणींना शिलाई मशीन वाटतात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. त्या मशीनबरोबर सुयांचं पाकीट आणि ती कशी निवडायची याची चार वाक्यं दिलेली मी अजून पाहिली नाहीत. सुई, टेन्शन, शटल हे मेकॅनिकचं खातं, म्हणजे पुरुषाचं. आपण फक्त पाय मारायचा आणि फ्रेम फिरवायची.

यातून पुढचं सगळं ठरतं. शिवणं-टिपणं बायकांना उपजतच येतं, असं एकदा म्हटलं की ते कसब राहत नाही. आणि कसब नाही म्हटलं की मजुरी कमी. तेच काम कारखान्यात पुरुष करतो तेव्हा त्याला 'कारागीर' म्हणतात, 'मास्टर' म्हणतात. आपल्या अवजाराची माहिती आपल्याकडे नसेल, तर "तुझा हात खराब" असं कुणीही म्हणावं आणि आपण ऐकून घ्यावं, असंच होत राहणार. म्हणून आज सुई.

सुई करते काय?

प्रत्येकीच्या हातात एकेक सुई दिली आहे. तिच्याकडे नीट बघा. हाताच्या सुईला नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईला ते पुढे, टोकाजवळ असतं. दिसायला एवढासा फरक, पण तो सुचायला माणसाला फार वेळ लागला. अमेरिकेत एलायस होव याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात टोकाजवळ नेढं असलेली सुई होती. आपल्या घरातलं काळं पायमशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं.

आता वरचा जाड भाग चाचपून बघा. एक बाजू गोल, दुसरी सपाट. खालच्या बारीक दांडीवर एका बाजूला लांब चर आहे, नखाने जाणवेल. त्याच्या उलट बाजूला, नेढ्याच्या जरा वर, खोलगट जागा आहे. सुई कापडात खाली जाते तेव्हा दोरा त्या लांब चरात लपून बसतो, म्हणून कापडाला घासत नाही. सुई तळाला जाऊन किंचित वर यायला लागली, की खोलगट बाजूला दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. शटलचं टोक त्या फाशात शिरतं आणि बॉबिनच्या दोऱ्याशी गाठ मारून टाका पुरा करतं.

एवढं लक्षात राहिलं तर बाकीचं आपोआप कळतं. दोरा जाड आणि सुई बारीक असेल, तर दोरा चरात मावणार नाही. तो घासेल, पिंजेल, तुटेल. दोरा बारीक आणि सुई जाड असेल, तर भोक मोठं पडेल, दोरा त्यात सैल राहील आणि टाका उठून दिसणार नाही. सुई केसभर वाकली असेल, तर फासा शटलपासून लांब पडेल आणि टाका सुटेल. टाका सुटतो तेव्हा हात चुकलेला नसतो, फासा सापडलेला नसतो.

साध्या शिलाईपेक्षा भरतकामात हे जास्त जाणवतं. शिलाईत दाते कापड पुढे सरकवतात, सुईला फक्त वरखाली करायचं असतं. भरतकामात आपण दाते खाली करतो किंवा त्यांवर पत्रा लावतो, पाय काढतो आणि फ्रेम हाताने फिरवतो. टाके एकमेकांना चिकटून, एकावर एक पडतात. एकाच पाकळीत सुई शेकडो वेळा शिरते. शिवाय भरतकामाचा रेशमी दोरा, म्हणजे खरं तर व्हिस्कोस रेयॉन, शिलाईच्या दोऱ्यापेक्षा नाजूक. म्हणून शिलाईला चालून गेलेली सुई भरतकामाला चालेलच असं नाही.

नंबर कसा वाचायचा?

पाकिटावर ७५/११ किंवा ९०/१४ असे दोन आकडे असतात. दोन्ही एकाच जाडीचे. पहिला आकडा म्हणजे दांडीची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर, ७५ म्हणजे पाऊण मिलिमीटर. दुसरा आकडा दुकानात बोलतात तो, अकरा नंबर, चौदा नंबर. आकडा वाढला की सुई जाड होते. ६५/९, ७०/१०, ७५/११, ८०/१२, ९०/१४, १००/१६ अशी ही चढती भाजणी आहे.

दोऱ्याचा हिशेब मात्र उलटा आहे. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. ६० नंबरचा दोरा ४० पेक्षा बारीक, ३० नंबरचा ४० पेक्षा जाड. इथेच पुष्कळजणींचा गोंधळ होतो. भरतकामाचा नेहमीचा दोरा ४० नंबरचा, त्याला ७५/११ ची सुई. ६० च्या बारीक दोऱ्याला ६५/९. ३० च्या जाड दोऱ्याला ९०/१४. ही जोडी पाठ करा, निम्मं काम झालं.

नंबराशिवाय पाकिटावर सुईची जात लिहिलेली असते. घरगुती मशीनची, सपाट मुंडीची जात म्हणजे 'एचए एक्स १' किंवा '१५ एक्स १'. जर्मन बनावटीच्या पाकिटावर तिलाच '१३०/७०५ एच' म्हणतात. कारखान्यातल्या पॉवर मशीनची 'डीबी एक्स १' ही गोल मुंडीची असते आणि भरतकामाच्या मोठ्या मशीनवर 'डीबी एक्स के ५' ही तिचीच मोठ्या नेढ्याची बहीण वापरतात. कारखान्यातून कुणी सुया आणून दिल्या म्हणून त्या घरच्या मशीनला लावायच्या नाहीत. मुंडी बसली तरी लांबी आणि फाशाची जागा जुळेलच असं नाही, आणि चुकीच्या सुईने शटलचं टोक घासलं, तर दुरुस्ती सुईच्या किमतीत होत नाही. दुकानात जाताना जुनी सुई पुडीत बांधून बरोबर न्या.

टोक आणि नेढं

सुईची टोकंही सारखी नसतात. अणकुचीदार टोक धागा भेदून जातं. किंचित गोलसर टोक, ज्याला बॉल पॉइंट म्हणतात, ते धागे बाजूला सारून मधून वाट काढतं. टी-शर्टचं होजिअरी कापड विणलेलं असतं, त्यातला एक फास तुटला की भोक वाढत जातं. म्हणून तिथे बॉल पॉइंट. उलट पॉपलिन, रुबिया, ऑर्गंझा, रेशीम ही घट्ट विणीची कापडं. त्यांवर अणकुचीदार टोकाने टाका सरळ आणि स्वच्छ पडतो. दुकानात सर्रास मिळणारी साधी सुई या दोन्हींच्या मधली, जरा गोलसर टोकाची असते. ती बहुतेक कापडांवर चालते, पण नाजूक रेशमावर आणि पातळ होजिअरीवर तिची मर्यादा दिसते.

भरतकामासाठी वेगळी बनवलेली सुई मिळते. पाकिटावर 'एम्ब्रॉयडरी' असं लिहिलेलं असतं आणि ती बहुधा ७५/११ आणि ९०/१४ या दोन मापांत येते. तिचं नेढं त्याच नंबरच्या साध्या सुईपेक्षा मोठं असतं, त्यामुळे रेयॉनचा दोरा पिंजत नाही. जरीच्या दोऱ्यासाठी आणखी मोठ्या, गुळगुळीत नेढ्याची 'मेटॅलिक' सुई असते. सोनेरी रंगाच्या सुयाही दिसतात. त्यांच्यावर सोनं नसतं, टायटेनियम नायट्राइडचा लेप असतो. लेपामुळे टोक जास्त दिवस टिकतं. रोज सात-आठ तास काम असेल तर परवडतात, अधूनमधून काम असेल तर साध्याच बऱ्या.

आता कापडागणिक सांगते, लिहून घ्या.

रुबिया किंवा कॉटनचा ब्लाऊजपीस, ४० चा रेशमी दोरा : ७५/११, एम्ब्रॉयडरी.
खण, जाडसर सिल्क, मखमल : ७५/११, खाली बकरम कडक असेल तर ८०/१२.
शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गंझा : ६५/९ किंवा ७०/१०, अणकुचीदार, दोरा शक्यतो ६० चा, खाली कागद किंवा पातळ बकरम.
होजिअरी : ७५/११, बॉल पॉइंट, आणि फ्रेममध्ये कापड ताणायचं नाही.
जीन्स, कॅनव्हासच्या पिशव्या : ९०/१४, अणकुचीदार.
जरीचा दोरा : ९०/१४, मेटॅलिक, वरचं टेन्शन सैल, वेग निम्मा.

पैठणीच्या ब्लाऊजवर काठाजवळ काम करताना एक पथ्य पाळा. काठात जर असते, सुई त्यावर वारंवार आपटली की टोक लवकर बोथट होतं. ते काम संपलं की सुई बदलूनच पुढचा साधा पीस घ्या.

बसवायची कशी, बदलायची केव्हा?

सुई बसवण्याचा नियम एकच. सपाट बाजू शटलकडे, लांब चर ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला. समोरून दोरा ओवायच्या मशीनमध्ये सपाट बाजू मागे जाते. जुन्या काळ्या मशीनमध्ये दोरा बाजूने ओवतात, तिथे सपाट बाजूही कडेलाच येते. सुई वर भिडेपर्यंत सरकवा आणि मग स्क्रू आवळा. सुई अर्धवट बसली तर फासा खाली पडतो आणि टाके सुटतात. आणि भरतकामासाठी पाय काढला असला तरी पायाचा दांडा खाली करायला विसरू नका. दांडा वर राहिला तर वरच्या दोऱ्याला टेन्शनच लागत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं होतं. त्याला सुई जबाबदार नाही.

सुई मोडेपर्यंत वापरायची, अशी आपली सवय आहे. कारणही समजतं, चालतंय ते कशाला टाकायचं? पण हिशेब करून बघा. समजा मशीन मिनिटाला ६०० टाके घालतं. तासाला ३६,००० झाले. आठ तासांत २,८८,००० वेळा ती एवढीशी पोलादी काडी कापडातून, बकरमातून आरपार गेली. सुमारे आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी असा घरगुती मशीनसाठी सर्वसाधारण संकेत आहे. पायमशीनचा वेग कमी, त्यामुळे थोडं पुढेमागे चालेल. पण महिना-महिना तीच सुई चालणार नाही.

घड्याळ लावून काम करणं आपल्याला शक्य नसतं. मध्येच पाणी येतं, पोर रडतं, गॅसवर डाळ असते. म्हणून खुणा ओळखायच्या. टाके सुटायला लागले, दोरा तुटण्याआधी पिंजायला लागला, टाक्याभोवती कापडाला चुण्या पडल्या, भोकं दिसायला लागली, किंवा सुई कापडात शिरताना 'टप टप' असा आवाज यायला लागला, की सुई काढून तपासा. आमच्या गटातल्या एक मावशी आता दोन खोल्या पलीकडून आवाज ऐकून सांगतात, "अगं, तुझी सुई गेली."

तपासायच्या तीन पद्धती आहेत. एक, टोकावरून नख हलकेच ओढा. नखावर ओरखडा उठला तर टोकाला खरबरीतपणा आला आहे. दोन, शिफॉनच्या चिंधीतून टोक आरपार काढा. धागा ओढला गेला तर सुई बाद. तीन, सुईची सपाट बाजू आरशावर टेकवून प्रकाशाकडे बघा. दांडी आणि काच यांमधली फट शेवटपर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ. टोकाकडे फट कमी-जास्त झाली तर सुई वाकली आहे. ही आरशाची परीक्षा नव्या सुईचीही घ्या, कारण बाजारात नकली माल येतो आणि तो नामांकित पाकिटातही येतो.

जाड सुई जास्त टिकते म्हणून सगळ्याच कामाला सोळा नंबर लावणारी एक मैत्रीण मला भेटली होती. तिचे शिफॉनचे दुपट्टे भोकं पडली म्हणून परत आले आणि त्या महिन्याच्या मजुरीतला मोठा भाग कापला गेला. घरात नवरा म्हणाला, "जमत नाही तर करतेस कशाला?" शेठ म्हणाला, "हात बसलेला नाही." पंधरा वर्षं भरतकाम करणाऱ्या बाईचा हात! दहा नंबरची सुई लावून तिने त्याच कापडावर त्याच दिवशी वेल भरून दाखवली. भोक नव्हतं. पण कापलेले पैसे परत आले नाहीत.

मोडलेली सुई

सुई मोडते ती बहुतेक वेळा फ्रेम ओढण्यामुळे. सुई कापडात असताना फ्रेम झटक्याने ओढली, की सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटते. फ्रेममधलं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलेलं असू द्या (होजिअरी सोडून), फ्रेम लयीत फिरवा आणि कामाला फार बारीक पडणारी सुई लावू नका. मोडलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. चष्मा असेल तर लावूनच बसा, नसेल तर चेहरा सुईच्या अगदी जवळ नेऊ नका. उजेड कमी म्हणून आपण वाकतो. तेव्हा मशीन खिडकीकडे हलवा किंवा दिवा खाली घ्या.

निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचा कडक नियम असतो. सगळे तुकडे शोधून जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, त्याची नोंद होते आणि तयार कपडे धातू शोधणाऱ्या यंत्राखालून जातात. का, तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला, विशेषतः लहान मुलाला, सुईचा तुकडा टोचू नये. नियम चांगलाच आहे. पण तोच माल जेव्हा आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत येतो, तेव्हा त्याच फरशीवर रांगणाऱ्या आपल्या मुलाची काळजी त्या नियमात कुठेच नसते. ती आपणच घ्यायची. मशीनशेजारी झाकणाची बाटली ठेवा. तुकडे जुळवून पुरी सुई झाली का बघा, बाटलीत टाका. एखादा तुकडा सापडला नाही तर लोहचुंबक फिरवा.

आता पैशांचं

दोरा आणि कापड शेठ देतो. सुई, बॉबिन, मशीनचं तेल, वीज आणि जागा आपली. एका सुईची किंमत फार नसते, म्हणून ती कुणी मोजत नाही. समजा, सुई १० रुपयांची आणि महिन्याला १५ लागल्या. दीडशे रुपये झाले. तुमचे खरे आकडे तुम्ही घाला. हा खर्च आपल्या मजुरीतून जातो. आणि तो वाचवायला म्हणून सुई उशिरा बदलली, तर डागी मालाचे पैसेही आपल्याच मजुरीतून जातात. दोन्हीकडून तोटा आपला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी एक करार केला, १७७ क्रमांकाचा. घरखेपेच्या कामगारांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावं, हे त्याचं सूत्र. त्याच्या जोडीला १८४ क्रमांकाची शिफारस आहे. तिच्यात आपल्या कामाच्या चार गोष्टी आहेत. यंत्राच्या देखभालीचा आणि विजेचा खर्च कामगाराला मिळावा. देखभालीत, अवजारं बदलण्यात, माल सोडण्या-बांधण्यात गेलेल्या वेळाचेही पैसे मिळावेत. पैसे कापायचे असतील तर कशासाठी ते आधी ठरलेलं असावं. आणि सदोष मालाच्या नावाखाली अन्यायाने पैसे कापले जाऊ नयेत. अवजारं बदलण्याचा वेळ म्हणजे सुई बदलण्याचाही वेळ! जगातल्या कुठल्या तरी सभागृहात आपल्या सुईचा विचार झाला होता. मात्र भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही, आणि शिफारस तर बंधनकारक नसतेच. म्हणून तो कागद दाखवून पैसे मिळतील असं मी सांगणार नाही. पण आपण मागतो ते अवास्तव नाही, एवढं त्यातून नक्की सांगता येतं.

मग आपण काय मागायचं? मला तीन गोष्टी सुचतात, तुम्ही भर घाला. एक, दोऱ्याबरोबर सुया शेठने द्यायच्या, कापडाला जुळतील त्या नंबराच्या. दोन, माल डागी म्हणून पैसे कापायचे तर तो पीस समोर ठेवून, दोष दाखवून. नुसतं तोंडी नाही. तीन, नवीन कापड आलं की पहिला नमुना तपासून मगच बाकीचे पीस घ्यायचे.

आणि आपल्या बाजूने एक करायचं. एक वही. तारीख, कापड, दोऱ्याचा नंबर, सुईचा नंबर, किती पीस झाले, सुई केव्हा बदलली, किती परत आले. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, पण हिशेब स्वतः सांगा. सुया गटाने मिळून डबा-डबा घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि नकली निघाल्या तर दुकानदाराशी भांडायला दहाजणी असतात.

एवढं बोलून थांबते. आता तुम्ही विचारा.

चर्चेतले काही प्रश्न

प्रश्न : जाड जर सुईत ओवताच येत नाही. सोळा नंबर लावू का?

उत्तर : त्यापेक्षा जाड जर बॉबिनवर गुंडाळा आणि वर साधा दोरा ठेवा. नक्षी कापडाच्या उलट बाजूवर काढून घ्या आणि उलट बाजू वर ठेवून भरा. जर खालून, म्हणजे सुलट बाजूला उमटते. बॉबिन केसचा छोटा स्क्रू थोडा सैल करावा लागतो. त्यासाठी वेगळी बॉबिन केस ठेवली तर उत्तम, म्हणजे रोजचं टेन्शन बिघडत नाही.

प्रश्न : सुयांना सरकारी मदत मिळते का?

उत्तर : केंद्र सरकारने २०२३ साली विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्यात शिंपीकाम धरलेलं आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्ज करायचा असेल त्यांनी आधी अटी समजून घ्या, कागदपत्रं आपण एकत्र बसून तपासू. पण अवजार एकदा मिळतं, सुई दर आठवड्याला लागते. तो खर्च मजुरीच्या दरातच धरून घ्यायला हवा.

प्रश्न : असं मागायला गेलं तर शेठ काम दुसऱ्या गल्लीत देईल. मग?

उत्तर : देईल. ही भीती खोटी नाही, आणि एकटीने जाऊ नका असंच मी सांगेन. एका वस्तीत एकाच शेठकडून काम घेणाऱ्या अकराजणी वह्या घेऊन मिळून गेल्या. त्यांना सुया मिळायला लागल्या. पैसे कापणं पूर्ण थांबलं नाही, पण आता तो पीस दाखवल्याशिवाय कापत नाही, आणि दोघींनी दोष कापडाचा होता हे तिथल्या तिथे दाखवून दिलं. शेजारच्या गल्लीतल्या बायकांशी त्या आधीच बोलून आल्या होत्या, म्हणून काम तिकडे गेलं नाही. तेव्हा पहिली फेरी शेठकडे नको. पहिली फेरी शेजारच्या गल्लीत. या रविवारी कोण कोण येणार, त्यांनी जाण्यापूर्वी नावं लिहून द्यावीत.